शिक्का क्रमांक एकेचाळीस

शपथ घेणार नाही, म्हणालो.
आमच्या मेनोनाइट पंथात शपथ नसते,
हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही.
लघुलेखिकेने मान वर न करता
तेही टाइप केलं.

विचिटातला सहावा मजला.
टेबल एवढं लांब, की आमच्या चार आसनी विमानाचा
एक अख्खा पंख त्यावर आडवा मावला असता.
अकरा वकील, नऊ कंपन्या.
रेडिओवाल्यांना ओढलं होतं, काचवाल्यांना ओढलं होतं,
खुर्चीचं कापड विणणाऱ्यांनासुद्धा.

फोटो माझ्यासमोर सरकला.
इंधनाची पितळी झडप, जळकी,
डाव्या टाकीवरून उजवीवर नेणारी;
मूठ अर्ध्यातच थांबलेली.
आणि कडेला, काजळीतूनही वाचता येईल असा
गव्हाच्या दाण्याएवढा आकडा: ४१.

हा शिक्का तुमचा?
हो.
म्हणजे ही झडप तुम्ही तपासलीत?
हो.
तो दिवस आठवतो?

सत्तावन्न सालचा मार्च.
त्या वर्षी मी चार हजार तरी झडपा फिरवल्या असतील.
आठवतं ते एवढंच, की त्या महिन्यात गारा पडल्या
आणि आवारातल्या सगळ्या मोटारींच्या टपांवर
देवीचे वण उमटले.
तेच सांगितलं.
एक वकील हसला. लिहून मात्र घेतलं.

एकोणतीस वर्षं उडत होतं ते विमान.
सात मालक, तीनदा रंग.
एका शेतकऱ्याने मागची खुर्ची काढून
त्यातून वासरू नेलं होतं,
नोंदवहीत तसं लिहिलंय: वासरू, एक.
त्या सातांपैकी कुणावर दावा लावून
काही हाती लागलं नसतं.
खापर फोडायचं तर डोकंही
विमा उतरवलेलं लागतं.

जेवणाच्या सुट्टीत, पाण्याच्या नळापाशी
ती आली. लेनोर त्वेट.
तिचा नवरा दातांचा डॉक्टर,
नेब्रास्कात मक्याच्या शेतात पडला होता;
उजवी टाकी भरलेली.
एकमेकांशी बोलू नका, हे दोघांनाही बजावलेलं.
"ती मूठ घट्ट असते का?"
नवी असताना दोन बोटांनी फिरते, म्हणालो.
ती कागदी पेला दाबत राहिली.
"हॅल्वरची बोटं आखडायची.
सकाळी शर्टाची बटणं मी लावायचे.
वैद्यकीय तपासणीला जायच्या आधी
गरम पाण्यात हात बुडवून बसायचा.
परवाना गेला असता ना."
पेला टोपलीत टाकून ती आत गेली,
किती वाजले एवढंच विचारल्यासारखी.

आमच्या वकिलाने पढवलं होतं:
विचारतील तेवढंच सांगा, व्हेर्लिन,
एक शब्द वर नको.
दुपारभर कुणी विचारलं नाही.
अगदी शेवटी समोरचा म्हणाला,
आणखी काही सांगायचंय?
लघुलेखिकेची बोटं
हवेत थांबली.

नाही, म्हणालो.

तडजोड कितीला झाली, आम्हाला कळलं नाही.
विम्याचा हप्ता मात्र
विमानागणिक इंजिनाहून महाग झाला
आणि दुसऱ्या वर्षी गहू कापणीच्या आत
कारखान्याच्या फाटकाला साखळी लागली.
एकशे ऐंशी माणसं.
मला गाद्यांच्या कारखान्यात काम मिळालं.
तिथेही शिक्का होता. शाईचा.

पुढे वॉशिंग्टनला कायदा झाला:
विमानाला अठरा वर्षं पूर्ण झाली, की
बनवणाऱ्याला जाब विचारायचा नाही.
म्हणजे पोरासारखंच, ऑर्फा म्हणाली,
अठराव्या वर्षी सुटलं आपल्या हातून.
पेपराची घडी घालून ती अंडी गोळा करायला गेली.
नळापाशी काय झालं, ते तिलाही सांगितलेलं नाही.

शिक्का परत करायचा असतो, मी केला नाही.
खिळ्यांच्या डब्यात आहे.
गेल्या हिवाळ्यापासून
माझ्या शर्टाची बटणं ऑर्फा लावते.
वरचं राहू दे, म्हणतो मी.
ते मी लावीन.