लव

लाईट गेली की येमूल सुपरवायझर विचारतो,
सुरमे, अंधारात टॉवेलची सुलट बाजू
तुला कशी गं कळते?
हाताला कळते, म्हणते मी.
पुढचं सांगत नाही.

पुढचं असं, की दारफळच्या माळावर
बा मला ओणवं करून जमीन हुंगायला लावायचा.
कोल्हा रोज त्याच भोकातून कुंपण ओलांडतो,
माणसासारखाच, सवयीचा गुलाम.
तिथं काट्याला चार केस अडकलेले.
ते जिभेवर ठेवून बा सांगायचा,
मादी आहे, पोटुशी आहे, सोड.

नर असला तर तातीचा फास,
वीतभर उंच, वर तरवडाचा पाला.
हाताला शेण चोळायचं, विडी बंद,
आणि रात्रभर खोकायचं नाही.
मला खोकला यायचाच.

पहाटे बा एकाच दणक्यात संपवायचा.
मग कातडं माझं.
मागच्या घोट्याभोवती कडं पाड,
मांडीच्या आतून शेपटाकडे ये,
शेपटाचं हाड दोन काड्यांत धर अन् ओढ,
सुर्र.
कानापाशी घाई करशील तर भोक पडेल,
भोकाचे आठ आणे कमी.
खापरीनं चरबी खरवड. आतून मीठ, राख.
तरवडाच्या सालीचं लाल पाणी, तीन दिवस.
शेवटी ज्वारीचा कोंडा घेऊन लव चोळायची,
मानेकडून शेपटाकडे, कधीच उलट नाही,
तेल कोंड्यात उतरेपर्यंत,
ऊन तिच्यावर घसरेपर्यंत.

पेठेतला गिऱ्हाईक शिंगी मागायचा.
कोल्ह्याला शिंगी असते, जवळ ठेवली की कोर्टात जय.
मी सात कवट्या फोडून बघितल्या.
नसते.
बा कातड्याची गाठ वळून, डिंक लावून द्यायचा शिंगी.
लोक पाया पडून न्यायचे.

त्यातली एक बाच्या खिशात होती
जेव्हा वनखात्याची जीप आली.

दीड वर्षानं तारीख लागली.
मुद्देमाल म्हणून कातडं टेबलावर टाकलं,
कुणीतरी न धुता गुंडाळून ठेवलेलं,
कीड लागलेली, केस मुठीमुठीनं गळत होते.
साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल?
बा कातड्याकडेच बघत होता.
म्हणाला,
मीठ कमी पडलंय, साहेब.
हे माझ्या पोरीच्या हातचं न्हाई.

सगळं कोर्ट हसलं.
मी पण हसले,
आणि मग भिंतीकडे तोंड केलं.
हातचं माझंच होतं. घाईतलं.
त्या आठवड्यात मला ताप होता.

बा आता नाही. फास मी विहिरीत टाकला,
म्हणजे टाकला असं घरात सांगितलंय.

आता मी अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
एका अंगाला लव कापलेले टॉवेल तपासते.
दिवसाला सहाशे.
परदेशी जातात. कुणाच्या ओल्या पाठीवरून फिरतात
मला ठाऊक नाही,
पण हात आधी मानेकडून शेपटाकडेच जातो.
टॉवेलला मान कुठली?
तरी जातो.

रात्रपाळीला कंपाउंडमागं ते ओरडतात.
आधी एक, मग त्याला बाकीचे.
पोरी दचकतात, रामराम म्हणतात.
मी अंगठा ओला करून वर धरते.
वारा कुंभारीकडून.
म्हणजे आमचा वास त्यांच्याकडे जातोय,
साबण, सूत, घाम, माणसं,
त्यांना कळलंय आम्ही इथं आहोत.

लाईट येते. येमूल ओरडतो, सुरमे, माल.
सुलट. सुलट. उलट. सुलट.