चाळीस ग्रॅम

हेमराजनं लेहहून आणली ती एवढीच.
चाळीस ग्रॅम, राखेच्या रंगाची,
मुठीत धरली तरी मूठ रिकामी वाटावी अशी.
"आणखी नाही मिळाली, आत्या," म्हणाला,
आणि बाहेर गोळीबार चौकात पारा पंचेचाळीसवर.

मे महिन्यात नागपुरात लोकर विणणारी बाई
कोणाला शहाणी वाटेल?
समोरच्या सोरतेबाई गच्चीवरून विचारतात,
"कोणाले घालता जी, एवढ्या उन्हात?"
मी कूलरसमोर बसते.
वाळ्याचा ओला वास धाग्यात शिरतो.
लाइट गेली की थांबते;
घामाचा हात या लोकरीला लावायचा नाही.

मानेपाशी पाच टाक्यांनी सुरुवात,
दर सुलट ओळीला चार टाके वाढतात.
म्हणजे ओळ लांबत जाते, गुंडा लहान होत जातो,
आणि दोघांना एकमेकांची खबर नसते.
खबर ठेवायची मी.
दोन एकत्र, धागा पुढे, एक सुलट, धागा पुढे.
जिथं धागा पुढे घेतला, तिथं भोक.
माल कमी असला की
भोकांनीच भागवावं लागतं.

एकशे त्र्याण्णव टाक्यांवर शंका आली.
गुंडा पदरात बांधून इतवारीत गेले,
ढोमणे सराफांकडे.
काचेच्या पेटीतला काटा,
ज्यावर गहाण पडायला मंगळसूत्रं चढतात,
त्यावर माझी लोकर.
पोरगा पंखा बंद करायला धावला.
"अकरा ग्रॅम दोनशे मिली," सराफ म्हणाले,
"घट धरायची का बाई?"
आणि स्वतःच हसले.

वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
शेवटचा काठ सैल बंद करायचा,
त्याला एकट्याला तीन-चार ओळींचा धागा.
तो बाजूला काढून उरतात चौदा ओळी.

आईनं गुंडा मागितला.
काचबिंदूनंतर तिला दिवा आणि दार
एवढंच कळतं.
पण पंचवीस वर्षं तिनं
बाबांच्या मागासाठी कांड्या भरल्या.
गुंडा अंगठ्याखाली फिरवला, एकदाच.
"बारा," म्हणाली.
"तेरावीले हात नको लावू."

काटा कशाला खोटं बोलेल?
मी तेरावी घातली. चौदावीही.
काठ बंद करता करता
वीतभर काठ उरला आणि धागा संपला.
अठ्ठावीस टाके सुईवर,
उघड्या तोंडाचे.

रात्री आई झोपल्यावर
बंद केलेला काठ उसवला,
मग चौदावी, मग तेरावी.
निघताना धागा कुरळा निघतो,
कुठं कुठं वळला होता ते विसरत नाही.
सकाळी तिनं फक्त विचारलं,
"बारा?"
"बारा."

धुतली. पलंगाखाली चटईवर
टाचण्या लावून ताणली.
तासाभरात वाळली,
नागपूरचा मे एवढ्यापुरता कामाचा.
बोराएवढी गुंडी उरली,
ती आईच्या सुपारीच्या डबीत गेली.

मग तिनं शाल मांडीवर घेतली,
एकेका भोकात करंगळी घालून पाहिली.
"आमच्या लुगड्यात असं एक निघालं
तं महाजन आठ आणे कापे.
तुह्या बापानं एक डाव रातभर
कंदिलापाशी बसून रफू केलं,
तरी सापडलंच त्याले."
बोलता बोलता बोटं पुढे सरकत होती,
बेचाळीस, त्रेचाळीस,
एक ओळ संपली, दुसरी लागली.
"याच्यात तं," ती म्हणाली,
"तुह्या लग्नाचा खर्च गेला असता."

शाल खांद्यावर टाकली,
दोन्ही टोकं छातीशी धरली.
दुपारचे अडीच, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
"आता कूलर वाढव."