एकतारी

करझकानच्या शेवटच्या बागेत
विहीर खारी झाली तेव्हा आधी खजूर गेले,
मग लिंबं. भोकर तेवढी उरली,
भिंतीवरून अर्धी रस्त्यावर वाकलेली.

शुक्रवारी पहाटे साडेचारला तिथे आम्ही:
मी, कासम बुरोंडकर आणि कासमचा खोकला.
खोकला नेहमीच आमच्या आधी पोचतो.
अकरा वर्षं संगमरवर कापला याने.
जिने दुसऱ्यांचे,
भुकटी याच्या छातीत.

इकडे याला बंबर म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मला न्हाणीतला तांब्याचा बंब दिसला.
मग एक फळ हातात फुटलं
आणि बोटांनीच ओळख पटवली.
अरे, हे तर ते!
याच्याच चिकाने आम्ही पतंग सांधायचो,
आणि एकदा फाटलेलं प्रगतिपुस्तक,
नेमकं वडिलांच्या सहीच्या मधोमध.

बाग उम्म जाफरची.
कासमने परवानगीपुरती अरबी जुळवली,
अर्ध्यातच त्याला उबळ आली.
ती म्हणाली, पुढचं कळलं.
आतून एक जुनी चादर आणून दिली:
जमिनीवरचं मुंग्यांचं, शेंड्याचं बुलबुलांचं,
मधलं तुमचं.

मधलं चार किलो भरलं.

खोली नंबर सतरा, एकच शेगडी, भाताचं पातेलं.
देठं खुडता खुडता
उशी, मोबाईल, कासमचा कान,
सगळं एकमेकांना चिकटलं.
भोकरं रटरट उकळली,
माझ्या धुतल्या गंजीफ्रॉकमधून गाळली
(तो पुन्हा अंगात घालण्याजोगा राहिला नाही),
वर गूळ, सुंठ, आणि उम्म जाफरने मुठीत कोंबलेलं
वाळून काळं पडलेलं लिंबू.
कुंदाला फोन लावला: पाक कुठवर न्यायचा?
एकतारी, म्हणाली. औषधाला एकतारीच.
दोनतारी झाला तर लाडू वळा.

मी वायरमन. तारेतलं मला कळतं
असं आजवर वाटायचं.
पण यातली गुळाची तार कुठली, भोकराची कुठली?
चिमूट उघडली, तार.
हात वर नेला, तार.
स्टुलावर चढलो, तरी तुटेना.
कासम खोकता खोकता हसायला लागला,
हसता हसता खोकायला.
केरळचा सजी मेजरटेप घेऊन उठला.

त्या रात्री तो सलग तीन तास झोपला.
मला मात्र त्या शांततेत डोळा लागेना.

खोटं कशाला सांगू, तेवढंच.
बरा वगैरे झाला नाही.
एक्स-रे बघून कंपनीने ऑगस्टचं तिकीट काढलं.

पुढचं त्याने बुरोंडीहून फोनवर सांगितलं.
तपासणीतला माणूस म्हणाला, पातळ पदार्थ नेता येत नाही.
हा म्हणाला, हे पातळ?
आणि बाटली उलटी धरून दाखवली.
पाक खरंच कुठे गेला नाही.
पण नियम तो नियम.
तेव्हा याने तिथेच, रांगेच्या तोंडाशी,
उरलेली अर्धी बाटली तोंडाला लावली.
मागचे सगळे थांबले. थांबावंच लागलं,
ती काही घाईने उतरणारी वस्तू नव्हे.

मग मिशी पुसून काचेपाशी गेला, बोट ठेवलं.
यंत्राने घेतलं नाही.
पुसा, बाई म्हणाली. पुन्हा ठेवा.
पुसलं. ठेवलं.
पुन्हा.
बोट उचललं तर, म्हणतो,
काचेपासून बोटापर्यंत
बारीकशी तार,
आणि ती बाई
तिच्याकडे बघत बसलेली.