चौथी गाडी

ओजस नाव त्याचं. कणकवलीच्या शोरूममधून
टेस्ट ड्राइव्हची गाडी घेऊन दारात आला, जामसंड्याला,
म्हणाला, मॅडम, तुम्ही आमच्या लॉयल कस्टमर,
तुम्हाला पंधरा हजार सूट.

सत्तावीस वर्षांच्या निष्ठेचा भाव मला असा कळला.
वर्षाला साडेपाचशे.
गाभण म्हशीच्या कॅल्शियमच्या दोन बाटल्या, फार तर तीन.

पहिली घेतली होती सेकंडहँड,
मालवणच्या एका बर्फवाल्याकडून,
सीटखाली तिसऱ्या पावसापर्यंत बांगड्याचा वास.
बोनेट उघडलं की सगळं समोर,
गायीचं पोट उघडल्यासारखं, काय कुठे ते हाताला ठाऊक.
हिंदळ्याच्या चढावर बेल्ट तुटला
तेव्हा ओढणीची पट्टी फाडून बांधली होती मी,
आणि ती मुकाट घरापर्यंत आली.

दुसरी त्याच कंपनीची. तिसरीही.
हॉर्न मात्र पहिलीचाच, लवू मिस्त्रीने काढून बसवलेला दरवेळी:
दोन आवाजांचा, एक जाड, एक सर्दी झालेला.
वळणावर वाजला की बायका चुलीवर पाणी ठेवत,
बैलाची वेसण आवळत, पोरांना आत घेत.

मधल्या काळात कंपनी दोनदा विकली गेली.
बिल्ल्यावरच्या बगळ्याला आधी पाय होते, चोच होती,
आता एकच रेघ;
उडतोय की पडतोय, सांगता येत नाही.
स्टेपनी नाही. तिच्या जागी पंप आणि डिंकाची बाटली.
बोनेटखाली काळं झाकण,
झाकणावर हात लावू नये असं चित्र.

तांबळडेगच्या रस्त्यावर तिने माझ्या हातातलं स्टेअरिंग ओढलं.
ओजस म्हणाला, लेन पाळते, मॅडम.
रस्त्याला पट्टाच नव्हता,
तिने वाळत घातलेल्या जाळ्याची कड धरली होती.

तेवढ्यात मिठबावहून शेवंताचा फोन,
वासराचा एकच पाय भायर दिसता.

मी गाडी वळवली.
मॅडम, टेस्ट ड्राइव्ह दहा किलोमीटरचीच असते,
असं ओजस दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा हळू.

आता हे लपवून काय उपयोग:
चढ तिने श्वास न टाकता चढला.
एकही खड्डा माझ्या कमरेपर्यंत पोचला नाही,
आणि छप्पन्न वर्षांची कमर
लगेच पक्ष बदलायला तयार झाली.

खरं तर जुनी तरी कुठे साध्वी होती?
दार गंजलं तेव्हा कंपनीने पत्राला उत्तर दिलं नव्हतं,
समुद्राजवळ राहणं ही माझी चूक, असं
सर्व्हिसवाला तोंडावर म्हणाला होता.
बगळ्याला पाय होते तेव्हाही तो माझ्याकडे बघत नव्हता.

गोठ्यात ओजसने मोबाइलची बॅटरी धरली,
मग दोरी धरली,
मग डोळे मिटून ओढली.
खिशावरचा बगळा शेणाने भरला.
कोवळे खूर, मग नाक, मग एकदम सगळंच.
शेवंता म्हणाली, हॉर्न आयकाक इलो नाय,
म्हणान पाणी ठेवलंय नाय.

परतताना मागच्या कोऱ्या सीटवर माझे गमबूट,
कुणीच काही बोललं नाही.
गाडी मात्र बोलली, पट्टा लावा, हिंदीत.

रात्री ओजसचा मेसेज.
वाटलं, बुकिंगचं विचारतोय.
वासरू उभं राहिलं का, एवढंच होतं.

सकाळी लवूकडे गेले.
हॉर्न त्याने फडक्याने पुसला, उलटा करून पाहिला,
कानाजवळ नेऊन हलवला, आतली वाळू ऐकली.
बसतलो, म्हणाला. ह्यो खंयय बसतलो.
पण वॉरंटी जातली.

मी त्याच्या बाकड्यावर बसले.
चहा येईपर्यंत तरी
काही ठरवायचं नव्हतं.