गूळ, पाच किलो

ऑडिटवाले साहेब,
सांडपाणी केंद्रात गूळ कशाला, विचारता.

बोरीकाठी आमची टाकी आहे.
वरून बघाल तर उकळता चहा,
आत कोट्यवधी जीव.
ते खातात, म्हणून अमळनेर निवांत झोपतं.

बुधवारी रात्री अडीचला पाणी जांभळं आलं.
थिनरचा वास. फेस कठड्यावरून
माझ्या चपलांपर्यंत.
काचेचं मापट भरून अर्धा तास बघत बसलो,
गाळ बसेचना,
मधेच लोंबत राहिला.

मग बॅटरी घेऊन निघालो,
झाकणं उचलत, उलट्या दिशेनं.
सातव्या झाकणाखाली पाणी कोमट.
समोर पत्र्याची शेड, आत झिपरू पिंपं विसळतोय,
कोपरापर्यंत जांभळा.
"मालकनी सांगं, रातले सोडी दे."
थोड्या वेळानं : "हाई पानी कोठे जास, बाबा?"
मी सांगितलं.
त्यानं हात पाठीमागे नेले.

नोटीस तुमच्या कार्यालयानं काढली,
तिचं उत्तर येईल तेव्हा येईल.
टाकीतल्यांना तेवढी सवड नव्हती.
शेणकाला केला, त्यात गूळ विरघळवला,
सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा,
बाळंतिणीला भरवावं तसा.
अकराव्या दिवशी गाळ खाली बसला,
तपकिरी, शहाण्यासारखा.

झिपरू येतो अधूनमधून. कठड्याशी उभा राहतो,
काही बोलत नाही. नखं अजून तशीच.

गुळाची पावती सोबत जोडली आहे.
शेणाची नाही :
गेंदाबाईनं पैसे घेतले नाहीत.