काळी चार

अल्बमवर नाव फक्त ओडेट फुर्तादोचं आहे, आणि ते बरोबरच आहे.
एकटीचा पियानो. ना ड्रम, ना बास.
आतल्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
रेकॉर्डिंग कुणी केलं, फोटो कुणी काढला,
आणि सगळ्यांत खाली:
स्वरजुळणी, रेमेद मिस्किटा, चरई, ठाणे.
तो मी.

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पियानो वर चढवला तुर्भ्याच्या मार्केटातल्या माथाड्यांनी,
पाठीवर गोणपाट टाकून, कांदा चढवतात तसाच.
दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले
तेव्हा एकाने झाकण उघडून एक पट्टी दाबली
आणि चटकन हात मागे घेतला.
"आत कोण बसलंय काय रे?"

रेकॉर्डिंगच्या तिन्ही रात्री मी स्वयंपाकघरात होतो.
पंखे बंद. फ्रिज बंद,
दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत.
पंप लावू नका म्हणून सेक्रेटरीला दोनदा सांगितलेलं.
आणि पियानोच्या पोटातला पंधरा वॅटचा दिवा,
खाडीच्या दमट हवेशी वर्षभर भांडणारा,
तोही मीच काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.
बराच वेळ मांडीला कोमट लागत होता.

सातव्या तुकड्यात, दोनेक मिनिटांनी,
मधल्या सप्तकातली काळी चार उतरली.

एका सुराला तीन तारा असतात,
तिघी बहिणी एकदम बोलल्यासारख्या.
त्यातली एक मागे पडली.
तुम्हाला कळणार नाही.
मला चपलेत खडा शिरावा तसं कळलं,
आणि तिलाही.

मला वाटलं, थांबेल. निदान टाळेल.
डावा हात तसाच चालत राहिला,
ऐरोलीच्या पुलावरून पायी घरी निघालेल्या माणसासारखा,
आणि उजवा फिरून फिरून त्याच पट्टीवर येऊ लागला,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसा.
आधी चाचपत. मग नेम धरून.
मग तिने त्या थरथरणाऱ्या सुराभोवती
चार सरळ सूर आणून उभे केले,
घरातलं तोतरं पोर बोलायला लागलं
की सगळे हातातलं ताट तसंच धरून
वाक्य पुरं व्हायची वाट बघतात
तसे.

मध्येच ती मोकळी जागा सोडते. जुनी सवय.
तिथे लुडोविकचा बास असायचा, बावीस वर्षं,
हॉटेलच्या लॉबीत, लग्नांत, एकदा वाशीच्या कार शोरूममध्ये.
मेला वगैरे नाही तो. लेकीकडे गेला, ब्राम्प्टनला.
त्या जागेत, नीट कान दिलात तर,
खाडीकडून एक टिटवी ओरडते.
रेकॉर्डिंगवाला पोरगा म्हणाला, मॅडम, अपशकुनी, काढून टाकतो.
ती म्हणाली, "फुकट वाजवतेय बिचारी. राहू दे."

तुकडा संपला तसा मी किल्ली घेऊन उठलो.
म्हटलं, पाच मिनिटं द्या, तार ओढतो, परत वाजवा.

ती खुंटी सैल होती हे मला आधीपासून माहीत होतं.
भोकात पॉलिशपेपरची पट्टी सारून भागवलं होतं मी.
हे आज तुम्हाला सांगतोय.
तिला नाही सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
"झालं रे ते, रेमेद."
आणि दुधाचं पातेलं परातीतून उचलून गॅसवर ठेवलं.

पुढच्या महिन्यात जाऊन खुंटीच बदलली, जाडी.
आता काळी चार सरळ आहे, खणखणीत,
तिघी एका तोंडाने बोलतात.
तिने सातवा तुकडा वाजवून पाहिला, अर्धाच.
हसली. झाकण लावलं.
पट्ट्यांच्या फटीतून आतला दिवा दिसत होता.

त्या खेपेचं बिल मी लावलं नाही.
का, ते तिने विचारलं नाही.