इतिवृत्त, रायबंदर

सभेची वेळ साडेचार. पाचला पंखा सुरू झाला,
सव्वापाचला माणसं.
बाकं पहिली-दुसरीच्या पोरांची, त्यामुळे
गावाचे गुडघे हनुवटीशी
आणि सल्लागार कंपनीचे साहेब तेवढे उभे.

टेबलावर नकाशा. पणजीपासून जुन्या गोव्यापर्यंत
एक लाल रेघ, गुळगुळीत,
जणू वाटेत कुणी राहतच नाही.
प्रत्येकाला दोन-दोन चिकट ठिपके:
पसंत तर हिरवा, नापसंत तर लाल.
माझं काम लिहिण्याचं.
नाव, गाव, मुद्दा. नाव, गाव, मुद्दा.

बेंतो रेबेलो, फेरीबोटीवर खलाशी:
रात्रीची शेवटची फेरी ओहोटीत अडकून
वीस मिनिटं उशिरा लागते,
तुमची शेवटची ट्राम थांबेल काय?
समन्वय साधला जाईल, साहेब म्हणाले.
मी लिहिलं: समन्वय.
चोडणची माणसं हसली.
हसण्याला रकाना नव्हता.

एर्मेलिंदबाय: मासळीची पाटी डब्यात घ्याल,
की तुमच्या थंड हवेला वास लागेल?

गुरुदास, शिगमो मंडळ:
आमचा घटोत्कच यंदा बावीस फूट,
वर हाताची गदा वेगळी.
विजेची तार किती उंचावर?
साहेबांनी पहिल्यांदाच
स्वतःच्या वहीत काहीतरी टिपलं.

मग मागून कुणीतरी: हलकी रेल, हलकी रेल म्हणता,
हलकी म्हणजे किती?
आकडा आला. टनांत.
खाजनातल्या चिखलाला तो कोण सांगणार,
हे विचारणाऱ्याचं नाव लिहायचं राहून गेलं.

द्वारकी उठली तेव्हा चहा आला होता,
त्यामुळे निम्म्यांनी ऐकलं नाही.
चाळीस वर्षं मिठागरात, टाचांना भेगा,
भेगांत अजून पांढरं.
ती नकाशावर वाकली, बराच वेळ वाकलेलीच.
रेघ दिसली, बाबा. उदक खंय?
तिच्या आगरांच्या जागी
कोरा कागद होता, वर बारीक अक्षरांत: मोकळी जमीन.
तिनं निळा ठिपका मागितला.
निळा नव्हता.

बाटलीचं टोपण काढून तिनं बोट भिजवलं
आणि मानशीपासून मांडवीपर्यंत
एक ओली रेघ ओढली,
मग बांधाकडून दुसरी, मग वाकडी तिसरी.
शाई कच्ची निघाली.
लाल रेघ पसरली, गुलाबी झाली,
आगराच्या बरोबर मध्ये तिला पोट आलं.
साहेबांनी रुमाल काढला.
त्यांच्याबरोबरची पोरगी, केतकी वेर्णेकर,
फोंड्याची, नवी इंजिनियर, म्हणाली: राहू द्या, सर.
आणि द्वारकीला: मानशीची दारं मिटतात कधी?
अष्टमीला येशील तर काही दिसायचं नाही, ती म्हणाली.
पुनवेला ये. चपला घरी ठेव.

पुनवेला आम्ही सहाजण बांधावर.
साहेब नव्हते, त्यांना विमान होतं.
भरती चढली तशी लाकडी दारं
कुणी न ढकलता आपोआप जवळ आली,
आणि मिटताना असा आवाज केला
जसं मोठ्या माणसानं बोलणं आवरतं घ्यावं.
केतकीनं दारावर तळवा ठेवला.
पलीकडे नदी टेकून उभी.
किती वजन, तिनं मला विचारलं.
मी कारकून, मी काय सांगणार?
पायाखालचा बांध बारीक थरथरत होता
आणि द्वारकी त्यावर बसून
भाजलेले काजू मोजून वाटत होती.

इतिवृत्ताचा शेवट छापील असतो:
'उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले.'
मी तो खोडला. वर काय लिहावं सुचेना,
म्हणून भरतीची वेळ लिहिली.
वरिष्ठांनी शेऱ्यात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवला.
मी तसाच पुन्हा पाठवला.

दुसऱ्या सभेला नवा नकाशा.
रेघ मानशीपाशी थोडी वाकलेली.
पुरेशी का, ते मला कळत नाही,
द्वारकीला कळत असावं, पण ती बोलली नाही.
पाकिटात या वेळी निळे ठिपकेही होते.
बारा.
पहिल्या बाकापर्यंतच संपले.